जुन्या नाशिकच्या बाजारपेठेत मालवाहू सायकली : आधी माल उतरवायला जागा द्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने शहरातील रस्ते, पूल, घाट आणि वाहनतळ यांच्या कामांविषयी आपल्या दैनिकातून सातत्याने वाचायला मिळते. भाविक कोणत्या मार्गाने येतील, कुठे उतरतील, रामकुंडापर्यंत किती चालतील, याचा बारकाईने विचार होत आहे आणि तो व्हायलाच हवा. परंतु मेन रोड, रविवार कारंजा, दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार, भद्रकाली आणि पंचवटी या जुन्या भागांत रोज येणारा माल कोणत्या वाहनाने येतो, कुठे उतरतो आणि तो उतरत असताना रस्त्याचे काय होते, हा विषय त्या चर्चेत जवळजवळ नसतोच. रविवार पेठेत कागद, वह्या आणि कार्यालयीन स्टेशनरीचा व्यापार करणारा एक दुकानदार म्हणून या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे. जुन्या बाजारपेठेतील मालाचा शेवटचा एक-दीड किलोमीटरचा टप्पा विजेची जोड असलेल्या मालवाहू सायकलींनी व्हावा, आणि त्यासाठी महापालिकेने स्वतः सायकली विकत घेत बसण्यापेक्षा बाजारपेठेच्या कडेला माल उतरवून घेण्यासाठी तीन-चार छोट्या जागा द्याव्यात, अशी माझी मागणी आहे.

आजची पद्धत बाजारात वावरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. बाहेरगावचा माल ट्रकने द्वारका, आडगाव नाका या बाजूच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामांत येतो आणि तिथून छोटा हत्ती किंवा पिकअप तो घेऊन पेठेत येते. गाडीत सात-आठ दुकानांचे मिळून तीस-चाळीस डाग, म्हणजे पेट्या आणि गठ्ठे, असतात. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते, चालक फाळका पाडतो, हमाल एकेक पेटी खांद्यावर घेऊन दुकानाकडे निघतो, दुकानदार बिल्टीवरचे (मालाच्या पावतीवरचे) डाग मोजून सही करतो, आणि एवढे होईपर्यंत मागे दुचाकींची रांग लागून भोंगे वाजू लागलेले असतात. पुढचे दुकान पन्नास पावलांवर असले तरी गल्ली अरुंद असल्याने गाडी तिथवर नेता येत नाही. मग हमालाच्या फेऱ्या वाढतात आणि त्या प्रमाणात गाडी रस्ता अडवून उभी राहण्याचा वेळही वाढतो. यात चालकाला दोष देण्यात अर्थ नाही. माल उतरवण्यासाठी आखून दिलेली जागाच नसेल, तर तो गाडी रस्त्यातच उभी करणार. पोलिस दंडाची पावती फाडतात, ती रक्कम भाड्यात मिळवली जाते, आणि शेवटी ती शाळकरी मुलाच्या वहीच्या किमतीत येऊन बसते. कोंडी मात्र आहे तशीच राहते.

मालवाहू सायकलीचा विषय काढला की माझे व्यापारी मित्र पहिला आक्षेप वजनाचा घेतात. तो रास्त आहे आणि माझा माल तर जडच आहे. 75 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला 75 ग्रॅम भरणाऱ्या) ए-4 कागदाचे 500 कागदांचे एक रीम 2.34 किलो भरते, आणि दहा रिमांची पेटी वेष्टनासह साधारण 24 किलोची होते. शंभर किलो पेलणाऱ्या दुचाकी मालसायकलीवर अशा चार पेट्या बसतात. आता माझ्या दुकानातून दिवसभरात बाहेर जाणारा माल पाहा. जिल्हा न्यायालयाभोवतीच्या झेरॉक्सवाल्यांना दोन-दोन, तीन-तीन पेट्या, एखाद्या वकिलांच्या कार्यालयाला एक पेटी आणि काही फाइली, बँकेच्या शाखेला एक पेटी आणि चार रजिस्टरे. यातली कोणतीही ऑर्डर एका सायकलीच्या खेपेपेक्षा मोठी नाही, तरीही यातली बरीच ऑर्डर आज साडेसातशे किलो पेलणाऱ्या टेम्पोतून जाते, कारण मधले दुसरे साधनच उपलब्ध नाही. स्कूटरवर एक पेटी पायाशी आणि एक मागे बांधून पोरे माल पोहोचवतात, ते पाहताना तर मला भीती वाटते. जूनमध्ये एखाद्या शाळेच्या वह्यांची एकगठ्ठा ऑर्डर निघते तेव्हा टेम्पोच लागतो, आणि तो पुढेही लागेल. कांदा, लोखंड, सिमेंट, फर्निचर हेही सायकलीचे काम नाही. मागणी फक्त त्या मालापुरती आहे, जो मुळात थोडा आणि हलका असूनही मोठ्या गाडीत फिरतो.

ज्यांनी अशी सायकल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. डेन्मार्कमध्ये 1920 च्या दशकापासून एक लांबट सायकल वापरात आहे, जिच्यात माल ठेवण्याचा सपाट तळ हँडल आणि पुढचे चाक यांच्या मध्ये, जमिनीपासून अगदी कमी उंचीवर असतो. ओझे खाली राहिल्याने सायकल डगमगत नाही आणि माल चालवणाऱ्याच्या नजरेसमोर राहतो. मागच्या कॅरिअरवर बांधलेला माल वळणावर जसा ओढतो, तसा हा ओढत नाही. याहून अधिक वजनासाठी तीनचाकी प्रकार असतो. आता त्यांना छोटी मोटर आणि बॅटरी बसवतात. पायडल मारायचे माणसानेच. मोटर फक्त जोर लावते. आपल्याकडे ही कल्पना काही नवी नाही. दुधाच्या कासंड्या, पावाच्या लाद्या आणि भरल्यावर तीस किलोच्या आसपास जाणारे गॅस सिलिंडर नाशिकने वर्षानुवर्षे साध्या सायकलीवरून जाताना पाहिले आहेत, आणि मुंबईचे डबेवाले आजही पाहायला मिळतात. फरक इतकाच की त्या माणसांनी हे काम मालासाठी न बनवलेल्या सायकलीवर, निव्वळ स्वतःच्या अंगच्या बळावर केले.

नाशिकच्या बाबतीत मोटरीची जोड अत्यावश्यक आहे, कारण आपले जुने गाव नऊ टेकड्यांवर वसलेले आहे असे सांगितले जाते आणि नदीकडून वर येणाऱ्या कोणत्याही गल्लीत त्याचा प्रत्यय येतो. होळकर पुलावरून मालेगाव स्टँडकडे चढणारा रस्ता घ्या. माल, सायकल आणि चालवणारा मिळून दोनशे किलो ओझे तिथे एकट्या माणसाच्या पायांनी वर नेणे अमानुष आहे. 250 वॉटच्या आतली मोटर जोडीला असेल तर तीच चढण धिम्या, पण एकसारख्या गतीने पार होते, आणि त्यासाठी लागणारी बॅटरी भरायला जेमतेम अर्धा-पाऊण युनिट वीज पुरते. कायद्याचीही अडचण नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार 250 वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत मोटरीची मदत थांबणारी, ठरावीक वजनाच्या आतली सायकल मोटार वाहनात मोडतच नाही. तिला नोंदणी, परवाना किंवा विमा यांची सक्ती नाही. याहून जड माल न्यायचा असेल तर 2015 च्या कायदा दुरुस्तीने मान्यता दिलेली ई-कार्ट, म्हणजे बॅटरीवरची मालवाहू तीनचाकी, आहे, जिला 310 किलोपर्यंत माल नेता येतो, मात्र तिला नोंदणी आणि चालवण्याचा परवाना दोन्ही लागतात. अनेक व्यापाऱ्यांना हा फरक ठाऊक नसतो आणि परवान्याच्या कटकटीच्या धास्तीने ते विचारच सोडून देतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

या सायकली प्रत्यक्षात किती काम करतात याचे मोजमाप परदेशात झालेले आहे. युरोपीय संघाच्या साहाय्याने 2011 ते 2014 या काळात चाललेल्या एका प्रकल्पात असा निष्कर्ष निघाला की, शहरांतील ज्या मोटार फेऱ्यांमध्ये काही ना काही सामान असते त्यांपैकी 51 टक्के फेऱ्या सायकलीवर किंवा मालवाहू सायकलीवर नेता येण्याजोग्या आहेत. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यवर्ती भागात मालवाहू सायकल व्हॅनपेक्षा सुमारे 60 टक्के अधिक वेगाने माल पोहोचवते असे आढळले. व्हॅन तासाला सहा पार्सले पोहोचवत असेल तर सायकल दहा. पहिल्यांदा वाचताना हे खरे वाटत नाही, कारण रस्त्यावर धावताना व्हॅनच पुढे जाणार. पण माल पोहोचवण्याच्या कामात धावण्याचा वेळ थोडा आणि जागा शोधण्याचा, उभे राहण्याचा, उतरून चालत जाण्याचा वेळ फार, हे मेन रोडवरच्या कोणत्याही टेम्पोचालकाला विचारले तरी कळेल. सायकल दाराशी लागते आणि पाच मिनिटांत निघते. लंडनचे आकडे नाशिकला जसेच्या तसे लागू करावेत असे मी म्हणणार नाही; आपल्या रस्त्यांवर खड्डे आहेत, गुरे आहेत, फेरीवाले आहेत. पण त्या आकड्यांमागचे कारण मात्र इथेही तेच आहे, आणि आपल्या गल्ल्या लंडनपेक्षा अरुंद असल्याने कदाचित अधिकच लागू आहे.

मात्र ज्या शहरांत ही पद्धत टिकली, तिथे सायकलीच्या आधी जागेची सोय झालेली दिसते, आणि माझ्या पत्राचा खरा मुद्दा हाच आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात 2012 मध्ये यूपीएस या पार्सल कंपनीने शहराच्या मध्यभागी रस्त्याकडेला एक कंटेनर उभा करण्याची परवानगी मिळवली. सकाळी मोठा ट्रक तो भरलेला कंटेनर आणून ठेवतो, दिवसभर त्यातला माल सायकलींनी आणि पायी वाटला जातो, संध्याकाळी कंटेनर परत जातो. बर्लिनमध्ये 2018 साली याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या पाच पार्सल कंपन्यांनी एकाच आवारात शेजारी शेजारी आपापले कंटेनर ठेवले आणि त्या आवाराची व्यवस्था यांच्यापैकी कोणाकडेही न देता एका तटस्थ संस्थेकडे सोपवली. आपल्या बाजारपेठेची रीत जाणणाऱ्याला या तटस्थपणाचे मोल लगेच कळेल. रविवार पेठेतला कोणताही घाऊक व्यापारी आपला माल दुसऱ्या व्यापाऱ्याच्या गोदामात उतरू देणार नाही, कारण माल कोणाकडून आला, किती आला आणि कोणाकडे गेला, हे उघड झाले की त्याचा धंदाच उघडा पडतो. ती जागा महापालिकेची असेल, पेट्यांना कुलूप असेल आणि पावतीवर वेळ पडत असेल, तर मात्र तोच व्यापारी हरकत घेणार नाही.

अशी जागा फार मोठी लागत नाही. वीस फुटी कंटेनर किंवा तेवढी पत्र्याची शेड, तिच्यासमोर टेम्पोला मागे घेऊन लावता येईल एवढी मोकळी जागा, बॅटऱ्या भरण्यासाठी विजेची जोडणी आणि रात्री दिवा. चार-पाच मोटारी उभ्या राहतात तेवढ्यात हे सगळे मावते. शालिमारच्या बाजूने भालेकर मैदानालगत, अशोक स्तंभाजवळ आणि नदीपलीकडे मालेगाव स्टँड किंवा गणेशवाडीच्या भागात अशी एकेक जागा निघाली, तर जुन्या बाजारपेठेतील बहुतेक दुकाने कोणत्या ना कोणत्या ठिकाणापासून सायकलीच्या सहज टप्प्यात येतात. जागा निवडताना पूररेषेचे भान मात्र ठेवावे लागेल. 2008, 2016 आणि 2019 च्या पुरांत गोदावरीचे पाणी सराफ बाजारापर्यंत आले होते. गोदाघाटावर मोकळी जागा दिसते म्हणून तिथे शेड टाकली, तर पहिल्याच मोठ्या पावसात व्यापाऱ्यांचा माल आणि या योजनेवरचा विश्वास दोन्ही वाहून जातील.

सुरुवात औषधांपासून करावी असे मला वाटते. गोळे कॉलनी ही शहराची औषधांची घाऊक पेठ आहे. तिथून शहरभरच्या मेडिकल दुकानांना आणि रुग्णालयांना दिवसातून अनेकदा माल जातो. औषधांच्या पेट्या हलक्या असतात, त्यांची किंमत वजनाच्या मानाने मोठी असते, आणि वेळ फार महत्त्वाची असते. रुग्णालयातून फोन आला की अर्ध्या तासात इंजेक्शन पोहोचलेच पाहिजे. इन्सुलिन आणि लशी यांसारखा माल 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा लागतो, त्यासाठी लागणारी बर्फाच्या पिशव्यांची थर्मोकोलबंद पेटी मालसायकलीच्या खोक्यात नीट बसते, तर स्कूटरच्या मागे ती उन्हात बांधून न्यावी लागते. औषधे, मग स्टेशनरी, मग किराणा मालातील छोट्या ऑर्डरी, बेकरीचा माल आणि पाण्याचे जार, अशा क्रमाने गेलो तर प्रत्येक टप्प्यावर काय जमते आणि काय जमत नाही ते कळत जाईल. वीस लिटरचा एक जार वीस किलोचा, तेव्हा तीनचाकीवर आठ-नऊ जार ही माझ्या मते मर्यादा धरावी. हाव धरून अधिक लादले की ब्रेक लागत नाहीत आणि चढणीवर मोटर जळते.

दिल्लीच्या अनुभवातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. चांदनी चौकातील लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा रस्ता 2021 पासून सकाळी 9 ते रात्री 9 या वेळेत मोटार वाहनांना बंद केला गेला, आणि दिवसा तिथली ने-आण सायकल रिक्षा व हातगाड्यांवर आली. अंमलबजावणीत ढिलाई राहते अशा तक्रारी तिथेही आहेत, पण देशातील एका अतिशय गजबजलेल्या घाऊक बाजारपेठेत हा नियम कागदावर आणि काही प्रमाणात रस्त्यावरही उतरू शकतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. दुसरी गोष्ट म्हणजे दिल्ली सरकारने 2022 मध्ये विजेवरच्या मालवाहू सायकलींच्या पहिल्या 5,000 खरेदीदारांना प्रत्येकी 15,000 रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले. नाशिकचा समावेश केंद्राच्या 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. हवा सुधारण्यासाठी मिळणाऱ्या निधीतला काही भाग अशा सायकलींच्या अनुदानासाठी आणि वर सांगितलेल्या शेडसाठी का वापरू नये, याचे उत्तर महापालिकेने द्यावे.

भाड्याच्या सायकलींची योजना काही वर्षांपूर्वी शहरात आली आणि बंद पडली, तेव्हा हीही तशीच जाईल असे कोणी म्हणेल. त्या योजनेत सायकल कोणी, कशासाठी, रोज वापरायची याचा हिशेब पक्का नव्हता. इथे वापरणारा ठरलेला आहे, त्याचा रोजचा माल ठरलेला आहे आणि फेरीमागे पैसे द्यायला तो आजही तयार आहे, कारण टेम्पोला आणि हमालीला तो पैसे देतोच आहे.

हमालांविषयी मला अधिक काळजी वाटते. पेठेतील हमाल बांधव पन्नास किलोची साखरेची गोणी पाठीवर घेऊन जिने चढतात. महाराष्ट्राने 1969 मध्ये त्यांच्यासाठी माथाडी कायदा केला तो उगाच नाही. मालवाहू सायकल आली की हातगाडीवाल्यांचे आणि हमालांचे काम जाईल, ही भीती त्यांच्या मनात येणार आणि ती दूर करण्याची जबाबदारी आपल्या सर्वांची आहे. या सायकली चालवण्याचा पहिला हक्क पेठेत आधीपासून ओझी वाहणाऱ्यांना द्यावा, त्यांना चालवायला शिकवावे, आणि मोबदला डागामागे चार-दोन रुपये असा न ठरवता दिवसाच्या किमान रकमेची हमी देऊन ठरवावा. मोबाइलवरून घरपोच माल देणाऱ्या पोरांची दहा मिनिटांच्या घाईत काय अवस्था होते ते आपण रोज चौकात पाहतो. तीच पद्धत मालसायकलींना लावली गेली तर माझा या योजनेला पाठिंबा राहणार नाही. पन्नाशीच्या पुढचा हमाल, ज्याची पाठ आता गोणी पेलत नाही, तो मोटरीच्या मदतीने अजून काही वर्षे सन्मानाने काम करू शकेल, हा या सायकलीचा मला दिसणारा सर्वांत मोठा फायदा आहे.

सिंहस्थाशी याचा संबंध सरळ आहे. पर्वणीच्या दिवसांत जुन्या गावात मोटार वाहनांना प्रवेश नसतो. 2015 लाही नव्हता. पण त्याच दिवसांत त्या भागात लाखो माणसे असतात आणि त्यांना दूध, पाणी, औषधे, फळे आणि खाण्याचे पदार्थ लागतात. आधीच चालवणारे तयार असलेल्या, रस्ते माहीत असलेल्या आणि ओळखपत्र दिलेल्या शे-दीडशे मालवाहू सायकली हाताशी असतील, तर हा पुरवठा नाकाबंदीच्या आतही चालू ठेवता येईल. मात्र पर्वणीच्या आदल्या आठवड्यात सायकली वाटून हे होणार नाही. दिवाळीच्या खरेदीच्या गर्दीत मेन रोड परिसरात वाहनांना मज्जाव करावा लागतो, तेव्हा निदान एका ठिकाणची शेड आणि वीस-पंचवीस सायकली यांचा प्रयोग त्या काळात करून पाहावा. त्याआधी वाहतूक पोलिसांनी मालवाहू सायकलींना बंदीतून सूट असल्याचा लेखी आदेश काढावा, कारण तसा कागद हातात नसेल तर नाक्यावरचा शिपाई प्रत्येक खेपेला सायकल अडवणार आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही.

महापालिका आयुक्त, पोलिस आयुक्त, व्यापारी संघटना आणि हमालांचे प्रतिनिधी यांची एक बैठक या एकाच विषयावर बोलवावी, अशी आपल्या दैनिकाद्वारे विनंती करतो. जागा मिळाल्यास माझ्या दुकानातून शंभर किलोच्या आत जाणारी प्रत्येक ऑर्डर पहिल्या दिवसापासून मालसायकलीने पाठवण्यास मी तयार आहे, आणि पहिल्या सहा महिन्यांत किती डाग गेले, किती उशिरा पोहोचले, किती पावसात भिजले आणि टेम्पोच्या तुलनेत भाडे किती पडले, याची वही महापालिकेला दर महिन्याला पाहायला देईन.

कळावे,

आपला नम्र,
रविवार पेठेतील एक कागद व स्टेशनरी व्यापारी,
नाशिक